भाषा गेली, नाच राहिला

न्यूयॉर्क राज्यातलं ट्रॉय हे गाव हडसन नदीच्या पूर्व काठावर आहे. होमरच्या ट्रॉयशी याचा संबंध फक्त नावापुरता. १७८९ साली गावकऱ्यांनी सभा भरवून हे भारदस्त नाव घेतलं. आपल्याकडच्या इंजिनियर मंडळींना ट्रॉय ठाऊक असतं ते आरपीआय, म्हणजे रेन्सेलर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमुळे. १८२४ साली सुरू झालेली ही संस्था. ब्रुकलिनचा पूल पुरा करणारा वॉशिंग्टन रोबलिंग इथलाच, आणि जत्रेतल्या पाळण्याला अमेरिकेत ज्याचं नाव मिळालं तो जॉर्ज फेरिसही इथलाच. पण आज लिहायचं आहे ते पूल आणि पाळण्यांबद्दल नाही, नाचाबद्दल.

मार्च महिना आला की या सगळ्या भागाला हिरवा रंग चढतो. सेंट पॅट्रिकच्या दिवसाच्या मिरवणुका निघतात आणि त्यात पोरी नाचताना दिसतात. डोक्यावर कुरळ्या केसांचे टोप, अंगात भरजरी भरतकामाचे झगे, कमरेच्या वर सगळं शरीर दांडक्यासारखं ताठ आणि खाली पाय मात्र वाऱ्यावर सुटलेले. हात बाजूला घट्ट चिकटलेले. चेहऱ्यावर परीक्षेला बसल्यासारखा भाव. पहिल्यांदा पाहणाऱ्या मराठी माणसाला हे जरा चमत्कारिक वाटतं. आपल्याकडे नाच म्हटला की हात आधी, डोळे त्याहून आधी. इथे बोलतात ते फक्त पाय.

मला कुतूहल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. या नाचणाऱ्या मुलांचे खापरपणजोबा दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी इथे आले. त्यांतल्या अनेकांची मातृभाषा आयरिश, म्हणजे गेलिक होती. आज त्या भाषेतलं एक वाक्य या मुलांना येत नाही. आडनाव राहिलं, चर्च बऱ्यापैकी राहिलं आणि नाच राहिला. भाषा मात्र गेली. परदेशात मुलं वाढवणाऱ्या कुठल्याही मराठी आईबापांनी जरा थांबून बघावं असं हे उदाहरण आहे. म्हणून मी या विषयाच्या मागे लागलो.

आधी हे लोक ट्रॉयला का आले ते पाहू. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला. बटाटा हेच गरिबांचं अन्न. पुढच्या सहा-सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि तापाने मेली आणि दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. ज्या पश्चिम भागाला सर्वात मोठा तडाखा बसला, तोच भाग सर्वात जास्त गेलिक बोलणारा होता. न्यूयॉर्क बंदरात उतरलेल्यांतले काही हडसन नदीने वर आले. १८२५ साली खुल्या झालेल्या ईरी कालव्यामुळे या टापूत कारखानदारी फोफावली होती आणि ट्रॉयमध्ये दोन मोठे धंदे होते, लोखंड आणि कॉलर.

लोखंडात हेन्री बर्डनचा कारखाना. घोड्याचे नाल करणारं यंत्र त्याने काढलं आणि सुधारत सुधारत ते मिनिटाला साठ नाल पाडू लागलं. अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या फौजांचे घोडे मुख्यतः ट्रॉयचे नाल ठोकून धावले. कारखाना चालायचा साठ फूट व्यासाच्या एका प्रचंड पाणचक्कीवर. फेरिसला आपल्या पाळण्याची कल्पना ही चक्की पाहूनच सुचली असं इथे हौसेने सांगतात.

दुसरा धंदा कॉलरचा. हॅना माँटेग्यू नावाच्या ट्रॉयच्या बाईला नवऱ्याचे सदरे रोज रोज धुवायचा कंटाळा आला. मळते ती फक्त कॉलर, मग अख्खा सदरा कशाला धुवा? १८२७ च्या सुमाराला तिने कॉलर कापून वेगळी केली, धुतली आणि परत जोडली. यातून सुटी कॉलर जन्माला आली आणि ट्रॉयला ‘कॉलर सिटी’ हे नाव पडलं. या कॉलरी धुवायच्या, खळ द्यायची आणि इस्त्री करायची म्हणून मोठमोठ्या लाँड्र्या निघाल्या. उकळतं पाणी, सोडा, तापलेल्या इस्त्र्या आणि दिवसाचे बारा-चौदा तास. काम करणाऱ्या बहुतेक आयरिश पोरी.

त्यांतलीच एक केट मलेनी. विशीच्या आतबाहेरची, आयर्लंडमध्ये जन्मलेली, वडील गेल्यावर घर चालवणारी. फेब्रुवारी १८६४ मध्ये तिने कॉलर लाँड्री युनियन उभी केली. सुमारे तीनशे बायकांनी काम थांबवलं आणि आठवड्याभरात पंचवीस टक्के पगारवाढ मिळवली. अमेरिकेतली बायकांची पहिली टिकाऊ कामगार संघटना म्हणून तिचं नाव घेतात. दोन वर्षांनी लोखंड ओतणाऱ्या कामगारांचा संप झाला तेव्हा याच धोबिणींनी त्यांना हजार डॉलर दिले. आठव्या रस्त्यावरचं तिचं साधं विटांचं घर आज राष्ट्रीय स्मारक आहे.

मात्र या इतिहासाला दुसरी बाजूही आहे आणि ती गाळून चालणार नाही. केटच्या संपाच्या सात-आठ महिने आधी, जुलै १८६३ मध्ये, सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध ट्रॉयमध्ये दंगल झाली. कारखान्यांतून निघालेल्या जमावात आयरिश कामगार मोठ्या संख्येने होते. त्यांनी वर्तमानपत्राची कचेरी फोडली आणि मोर्चा काळ्या लोकांच्या चर्चकडे वळवला. एक कॅथलिक पाद्री आडवा आला म्हणून ते चर्च वाचलं. म्हणजे जे स्वतः लाथाडले गेले होते, ते आपल्याखालच्याला लाथाडायला मागे नव्हते. उतरंड काही फक्त आपल्याच समाजात असते असं नाही.

आता नाचाकडे वळू.

आयर्लंडमधल्या नाचाचं जुनं रूप समजून घ्यायचं तर ‘नाचाचे मास्तर’ ही व्यक्ती समजून घ्यायला हवी. अठराव्या शतकात हे मास्तर गावोगाव फिरायचे. सोबत एखादा फिडलवाला नाहीतर पायपर. एका गावात पाच-सहा आठवडे मुक्काम, कुणाच्या तरी घरी जेवणखाण आणि गोठ्यात नाहीतर स्वयंपाकघरात वर्ग. आर्थर यंग नावाचा इंग्रज शेतीतज्ज्ञ १७७० च्या दशकात आयर्लंडभर हिंडला. अगदी गरीब घरची पोरंसुद्धा तिमाहीला सहा पेन्स देऊन नाच शिकतात याची त्याने नोंद केली आहे. ज्या पोरांना डावं-उजवं कळत नसे त्यांच्या एका पायाला गवत आणि दुसऱ्याला काड्यांचा वेठ बांधून मास्तर शिकवायचे, अशा गोष्टी सांगतात. जमीन मातीची, त्यावर टापांचा आवाज निघत नाही. मग घराचं दार बिजागरीतून काढून जमिनीवर टाकायचं आणि त्यावर नाचायचं. एवढ्याशा दारावर नाचायचं म्हणजे हातपाय पसरून चालत नाही. सगळी करामत पावलांत.

हात ताठ का, याच्या दंतकथा भरपूर आहेत. इंग्रजांना खिडकीतून नाच कळू नये म्हणून, पाद्र्यांना शृंगार नको होता म्हणून, दाराची जागा अरुंद म्हणून... यांतल्या कुठल्याही एकीला भक्कम पुरावा नाही. मास्तर लोक अंग ताब्यात ठेवण्याला सभ्यपणाचं लक्षण मानायचे आणि पुढे स्पर्धांनी त्याचा नियम केला, एवढंच नीट सांगता येतं. गंमत म्हणजे पश्चिमेकडे कॉनेमारा भागात ‘शान-नोस’, म्हणजे जुन्या पद्धतीचा म्हणून जो नाच आजही चालतो, त्यात हात मोकळे असतात.

तालाचं म्हणाल तर आपल्या कानांना तो फार परका नाही. जिग सहा मात्रांत असतो, ऐकताना दादऱ्याची आठवण होते. रील चारात, आपल्या केरव्यासारखा धावता. स्लिप जिग मात्र नऊ मात्रांचा, तीन-तीन-तीन असा, त्यामुळे तरंगल्यासारखा वाटतो. मऊ बुटांचे नाच वेगळे, कडक बुटांचे वेगळे. कडक बुटांच्या टाचांना पूर्वी खिळे असायचे, आता फायबरग्लास असतं. तबल्याचा कायदा पायांनी वाजवावा तसा तो प्रकार.

इथपर्यंत हा नाच गावचा होता. ‘राष्ट्राचा’ तो कधी झाला? उत्तर आहे १८९३ नंतर. हे साल पाहून मी थबकलोच. ३१ जुलै १८९३ रोजी डब्लिनमध्ये डग्लस हाइड, ओन मॅकनील वगैरे मंडळींनी गेलिक लीग स्थापन केली. त्या वेळी आयर्लंडमध्ये गेलिक बोलता येणारे जेमतेम पंधरा टक्के उरले होते. भाषा वाचवायची, इंग्रजांची नक्कल थांबवायची, हा लीगचा उद्देश. आणि याच १८९३ मध्ये पुण्यात लोकमान्य टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला बळ दिलं. (भाऊसाहेब रंगारींचा गणपती १८९२ चा, हा वाद मी इथे उकरत नाही!) पुढच्याच वर्षापासून मेळे सुरू झाले. पोशाख केलेली मुलं, हातात टिपऱ्या नाहीतर लेझीम, ओळीत चालत पदं म्हणणारी. एकाच साम्राज्याच्या दोन टोकांना दोन समाज एकाच वर्षी एकच गोष्ट करत होते. घरातली, गल्लीतली गोष्ट उचलून चव्हाट्यावर आणायची आणि तिला ‘आपली’ म्हणून मिरवायची. कुणी कुणाची नक्कल केली असं मला म्हणायचं नाही. पण टिळकांचं आयर्लंडकडे लक्ष होतं, ‘होमरूल’ हा शब्दच मुळी तिकडचा. एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला टिळकांची होमरूल लीग निघाली, त्याच महिन्यात डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव झाला.

त्या उठावाचा एक म्होरक्या जेम्स कॉनली. त्याला खुर्चीला बांधून गोळ्या घातल्या. हा कॉनली १९०३ साली अमेरिकेत आला आणि काही काळ ट्रॉयमध्येच राहिला. विम्याचे हप्ते गोळा करत दारोदार फिरायचा. १९०५ मध्ये कॉलरींना खळ देणाऱ्या बायकांचा संप झाला. पगार बंद झाल्यावर हप्ते कोण भरणार? कॉनलीचं उत्पन्न आटलं आणि त्याने ट्रॉय सोडलं. नदीकाठच्या बागेत त्याचा अर्धपुतळा आहे.

असो. गेलिक लीगने भाषा हाती घेतली, पण भाषा शिकणं कष्टाचं काम. वर्गाला माणसं टिकेनात. मग करमणूक हवी. लंडनच्या शाखेने स्कॉटिश मंडळींचे मेळावे पाहून ३० ऑक्टोबर १८९७ रोजी ब्लूम्सबरी हॉलमध्ये पहिली ‘केयली’ भरवली. आज आयर्लंडची अस्सल परंपरा म्हणून जगभर जी केयली ओळखली जाते, तिचा हा पहिला सार्वजनिक प्रयोग लंडनमध्ये, परमुलखात नोकरीला गेलेल्या आयरिश लोकांनी केला! त्यांना सामुदायिक नाच फारसे येतच नव्हते, म्हणून त्या रात्री वॉल्ट्झ आणि क्वाड्रिलही झाले. मग लंडनमध्येच राहणाऱ्या केरीच्या एका जुन्या मास्तरला, पॅट्रिक रीडीला गाठून त्याच्याकडून नाच शिकून घेतले गेले. १९०२ मध्ये ओकीफ आणि ओब्रायन या दोघांनी त्याचं पुस्तक काढलं. ‘परंपरा’ अशी छापून तयार झाली.

अमेरिकेतल्या आपल्या मंडळांना हे ओळखीचं वाटेल. पुण्यात असताना ज्याने कधी लेझीम हातात धरली नाही, तो न्यू जर्सीत आल्यावर ढोल-ताशा पथकात नाव घालतो. यात हसण्यासारखं काही नाही. गाव सुटल्याशिवाय गावची किंमत कळत नाही, आणि ती कळते तेव्हा हाताशी जे आठवतं, जे कुणीतरी शिकवू शकतो, त्यातूनच परंपरा उभी करावी लागते.

पण परंपरा छापली की कुणीतरी बाहेर राहतो. लीगला क्वाड्रिलवरून आलेले ‘सेट’ नाच नको होते. नेपोलियनशी झालेल्या लढायांनंतर परतलेल्या शिपायांनी ते आणले, म्हणून परके. वास्तविक क्लेअर आणि केरीच्या शेतकऱ्यांनी दोन-तीन पिढ्यांत त्यांना इतकं आपलंसं केलं होतं की ते तिथल्या स्वयंपाकघरांचा भाग झाले होते. लीगने नाक मुरडलं, तरी लोक घरात नाचत राहिले. मग १९३५ मध्ये स्वतंत्र आयर्लंडच्या सरकारने सार्वजनिक नृत्यगृहांचा कायदा केला. परवान्याशिवाय सार्वजनिक नाच बंद. चर्चचा त्याला भक्कम पाठिंबा होता. रोख खरं तर जॅझवर आणि अंधारात हिंडणाऱ्या जोडप्यांवर, पण धाड पडली ती घराघरांतल्या नाचांवरही. म्हणजे इंग्रज गेले आणि नाचावर बंदी आली आपल्याच लोकांची.

आपल्याकडे काय झालं? स्वातंत्र्य मिळालं १९४७ मध्ये आणि १९४८ मध्ये बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. पुढे ती उठली, पण अटी घालून. वग आधी तपासून घ्यायचे, अश्लील काढायचं, ‘सुधारणा’ करायची. हेतू कदाचित चांगला असेल, पण ज्यांच्या पोटावर ही सुधारणा बसली ते फडांवरचे कलावंत महार, मांग, कोल्हाटी अशा जातींचे होते आणि तपासणारे होते पांढरपेशे. विठाबाई नारायणगावकरांचा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला, आणि २००२ साली त्या गेल्या तेव्हा इस्पितळाच्या बिलासाठी लोकांकडून मदत गोळा करण्याची पाळी आलेली होती. नंतर सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार ठेवला. इथल्या अधिवेशनात पैठणी नेसलेल्या डॉक्टर-इंजिनियर बायका लावणी करतात आणि फार छान करतात. टाळ्या मीही वाजवतो. पण गेलिक लीगने निदान नाच वगळला होता, आपण नाच घेतला आणि नाचणारी वगळली, हे टाळ्या वाजवताना आठवत राहतं.

‘शुद्ध आपलं’ हाही एक भ्रमच. लेझीम हा शब्द फारसी. साखळी लावलेलं धनुष्य, तालमीत व्यायामाला वापरायचं, ते मूळ. तमाशा हा शब्द अरबी-फारसी वाटेने आला आणि ताशाही तिकडूनच. यांच्याइतकं मराठी आज दुसरं काय आहे? इंग्लंडमध्ये सेसिल शार्पने १८९९ च्या नाताळात हेडिंग्टनला मॉरिस नाच पाहिला आणि त्यातून पुढे १९११ ची लोकनृत्य संस्था उभी राहिली. अमेरिकेत हेन्री फोर्डने १९२० च्या दशकात जॅझवरच्या रागापोटी जुन्या चौकोनी नाचांचं पुनरुज्जीवन मांडलं. सगळीकडे गोष्ट तीच. यंत्रं आली, माणसं गावातून शहरात गेली, आणि मग कुणीतरी जुना नाच ‘वाचवायला’ निघालं. फोर्डसारखा मोटारी काढणारा माणूसच वाचवायला निघावा, यातला विनोद वेगळा सांगायला नको.

आयरिश नाच अमेरिकेत मात्र शुद्ध राहिलाच नाही, आणि त्यातून एक फार मोठी गोष्ट घडली. ट्रॉयहून हडसनच्या प्रवाहाबरोबर दीडशे मैल खाली गेलं की न्यूयॉर्क. तिथल्या फाइव्ह पॉइंट्स या दरिद्री वस्तीत आयरिश आणि काळे लोक शेजारी शेजारी राहायचे. १८४० च्या दशकात तिथे विल्यम हेन्री लेन, ऊर्फ मास्टर जुबा हा काळा तरुण आणि जॉन डायमंड हा आयरिश नाचणारा यांच्या पैजा लागायच्या. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स तिथल्या तळघरात एका काळ्या नर्तकाला पाहून थक्क झाला. तो जुबाच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आयरिश जिगची पावलं आणि आफ्रिकी ताल यांच्या या झटापटीतून अमेरिकन टॅप नाच निघाला. त्याच काळात तोंडाला काळं फासून काळ्यांची टवाळी करणारे खेळही जोरात होते आणि त्यांत आयरिश नट पुष्कळ. ट्रॉयच्या दंगलीत दिसली तीच गोष्ट इथे रंगमंचावर. शेजाऱ्याकडून शिकायचं आणि त्यालाच हिणवायचं.

इकडे आयर्लंडमध्ये १९३० च्या सुमाराला लीगने नाचासाठी स्वतंत्र आयोग नेमला. शिक्षकांच्या परीक्षा, परीक्षकांच्या परीक्षा, तीस ठराविक सांघिक नाचांचं अधिकृत पुस्तक. १९७० पासून जागतिक स्पर्धा सुरू झाली. २००९ मध्ये ती पहिल्यांदा अमेरिकेत, फिलाडेल्फियाला भरली. ‘फेश’ म्हणजे स्थानिक स्पर्धा, त्या तर अमेरिकेत शनिवार-रविवारी कुठे ना कुठे चालूच असतात. एका झग्याला हजार डॉलर सहज पडतात. पूर्वी आया रात्रभर चिंध्या गुंडाळून मुलींचे केस कुरळे करायच्या, आता टोप मिळतात. आणि जिथे एवढी चुरस तिथे भानगडीही आल्या. २०२२ मध्ये निकाल आधीच ठरवल्याचे आरोप होऊन मोठी खळबळ उडाली.

आणि मग रिव्हरडान्स. ३० एप्रिल १९९४ रोजी डब्लिनच्या युरोव्हिजन गाण्याच्या स्पर्धेत मध्यंतर भरून काढायला सात मिनिटांचा एक नाच ठेवला होता. बिल व्हेलनचं संगीत, आणि पुढे मायकल फ्लॅटली आणि जीन बटलर. शेवटी सगळी रांग एकदम टाचा आपटत पुढे आली आणि सभागृह उभं राहिलं. ज्या आयर्लंडला आपल्या नाचाची थोडी लाजच वाटत होती त्याला एका रात्रीत अभिमान वाटू लागला. आता हे दोघं कुठले? फ्लॅटली शिकागोचा, बटलर न्यूयॉर्कची. फ्लॅटलीने तर नियमबाह्य असे मोकळे हात वापरले. म्हणजे केयली लंडनला गेलेल्यांनी घडवली आणि आयरिश नाचाला जगासमोर नेलं ते अमेरिकेत जन्मलेल्यांनी. शिकागोच्याच पोलीस खात्याचा प्रमुख फ्रान्सिस ओनील याने १९०३ मध्ये साडेअठराशे आयरिश चाली छापून वाचवल्या, तोही कॉर्कहून आलेला. परदेशी गेलेला मुलगा घराण्याचं नाव घालवतो म्हणतात, पण इथे चोपडी त्यानेच सांभाळलेली दिसते.

आज आयरिश नाच फक्त आयरिश लोकांचा राहिलेला नाही. व्हर्जिनियाची मॉर्गन बुलक ही काळी मुलगी २०२० मध्ये रॅपच्या गाण्यावर कडक बुटांनी नाचली, ते चित्रण जगभर गेलं आणि रिव्हरडान्सने तिला बोलावून घेतलं. जुबा आणि डायमंडची पैज पावणेदोनशे वर्षांनी निराळ्या रीतीने सुटली म्हणायची.

ट्रॉयहून दक्षिणेला तासाभरावर कॅट्सकिलच्या डोंगरात ईस्ट डरहॅम म्हणून खेडं आहे. न्यूयॉर्कचे आयरिश कामगार उन्हाळ्यात तिथे यायचे, म्हणून त्या भागाला ‘आयरिश आल्प्स’ म्हणतात. लीगने नाकारलेले तेच सेट नाच तिथल्या पबांत रंगत आले आहेत. टोप नाही, झगा नाही, परीक्षक नाही. आजोबा आणि नात एका चौकोनात. मला सर्वांत जिवंत वाटतो तो हा नाच. आपल्याकडे कोकणातले चाकरमानी मुंबईच्या गिरण्यांत आले तेव्हा चाळीच्या अंगणात जाखडी नाचायचे. कानातल्या बाळ्यांवरून शहराने त्याला ‘बाल्या डान्स’ म्हणून हिणवलं, पण त्यांनी सोडला नाही. ट्रॉयच्या भट्टीवरचा आयरिश आणि परळच्या साच्यावरचा रत्नागिरीकर यांना एकमेकांची पावलं पटकन कळली असती.

आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीने खरा मुद्दा. गेलिक लीग नाचासाठी निघाली नव्हती, भाषेसाठी निघाली होती. नाच हे वर्गाला माणसं यावीत म्हणून लावलेलं आमिष. सव्वाशे वर्षांनी हिशोब पाहिला तर आमिष जगभर पोचलं आणि भाषा आजही पश्चिम किनाऱ्यावरच्या थोड्या पट्ट्यांत रोजच्या वापरात उरली आहे. शाळेत सक्तीने शिकवूनही. असं का झालं? नाच सहा महिन्यांत मंचावर दाखवता येतो. त्याला टाळ्या मिळतात, करंडक मिळतो, फोटो निघतो. भाषेला रोज जेवणाच्या टेबलावर वेळ द्यावा लागतो आणि त्याला कुणी टाळ्या वाजवत नाही.

आपलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झालं. म्हणजे आपण अजून दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत आहोत, ट्रॉयचे आयरिश १८८० च्या सुमाराला होते तिथे. रविवारच्या मराठी शाळा चालतात, भारती विद्यापीठाच्या परीक्षा मुलं देतात, हे मोठंच काम आहे आणि ते करणाऱ्यांना माझा नमस्कार. पण कार्यक्रमाच्या तालमीला गाड्यांची जितकी गर्दी होते तितकी शाळेला होत नाही, हेही सगळे जाणतात. लेझमीची पावलं मुलांना इंग्रजीत मोजून शिकवली जातात. ‘वन टू थ्री फोर, बेंड’. पावलं बरोबर पडतात.

मी नाचाच्या विरुद्ध नाही. उलट ट्रॉयच्या इतिहासाने मला हे दाखवलं की सगळं गेलं तरी पावलं शेवटपर्यंत साथ देतात, आणि त्या पावलांच्या आधाराने चौथ्या पिढीतला कुणीतरी परत शोधायला निघू शकतो. रिकाम्या हातांपेक्षा ते कितीतरी बरं. पण एवढ्यावर समाधान मानायचं की नाही, हे ठरवायला आयरिश लोकांना वेळ मिळाला नाही. पोट आधी होतं, भूक पाठीवर बसली होती, आणि इंग्रजी आलं नाही तर लाँड्रीतसुद्धा काम मिळालं नसतं. आपण विमानातून आलो, पदव्या घेऊन आलो. मराठी सोडायची सक्ती आपल्यावर कुणीही केलेली नाही. गेली तर ती आपण जाऊ दिली म्हणूनच जाईल.

तेव्हा माझी सूचना अगदी साधी आहे. येत्या गणपतीत मुलांना लेझीम जरूर शिकवा. फक्त पावलं मराठीत मोजा.